मंदीचे दिवस आणि ग्राहकाचा हक्क

मंदीची बातमी वर्तमानपत्रात छापून येण्याआधीच बाजारात ती कळू लागते. काल उठून स्वागत करणारा दुकानदार आज मान वर न करता उत्तर देतो. दुरुस्तीला टाकलेला पंखा 'उद्या या' एवढ्या दोन शब्दांवर तीन आठवडे पडून राहतो. हमीच्या मुदतीत बंद पडलेले यंत्र घेऊन गेलेल्या माणसाला दुकानदार कंपनीकडे पाठवितो आणि कंपनी दुकानदाराकडे. पाच खिडक्यांपैकी दोनच उघड्या असतात आणि रांग दाराबाहेर जाते. कोणी जाब विचारलाच, तर सगळीकडे एकच उत्तर मिळते : 'धंदा कुठे राहिलाय आता?'

हे उत्तर बहुधा खरे असते. पण ते पुरेसे आहे काय? धंदा बसला म्हणून ग्राहकाचा हक्कही त्या प्रमाणात कमी होतो काय? हा प्रश्न बाजारातील शिष्टाचारापुरता नाही, तो दीनचाही आहे. अल्लाहची उपासना आणि माणसांशी होणारे व्यवहार यांच्यामध्ये इस्लामने भिंत उभी केलेली नाही. फिक्हचा कोणताही मोठा ग्रंथ उघडला, तर नमाज, रोजा, जकात आणि हज यांबरोबरच खरेदी-विक्रीचेही प्रकरण त्यात असते, आणि ते आकाराने लहान नसते. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे गॅरेज, बेकरी, शिलाईकाम, कापड, फळे, मोबाइलदुरुस्ती, प्रवासी सेवा अशा व्यवसायांवर जगतात. हीच कुटुंबे दुसऱ्याच्या दुकानात ग्राहक म्हणून उभी असतात. म्हणून गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न आपलाच आहे.

व्यापाऱ्याची बाजू

न्याय करावयाचा, तर प्रथम व्यापाऱ्याचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. 2020 साली टाळेबंदी लागली, तेव्हा एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 23.9 टक्क्यांनी घसरल्याचा पहिला सरकारी अंदाज प्रसिद्ध झाला. त्या एका आकड्यामागे किती बंद शटरे होती, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगावयास नको. देशभर मंदी नसतानाही एखादे कोरडे वर्ष किंवा एखादा बंद पडलेला कारखाना तालुक्याच्या बाजारपेठेला तेच दिवस दाखवितो. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की कापडवाल्याच्या गल्ल्यातही तो येत नाही. भाडे मात्र दरमहा द्यावेच लागते, विजेचे बिल थांबत नाही आणि दिलेली उधारी वसूल होत नाही.

अशाच काळात एका तरुण दुकानदाराने जुमाच्या नमाजनंतर मला विचारले होते, 'मौलाना, शरीअतमध्ये मजबुरीला सवलत आहे ना? मग विकलेला माल परत घेणे आम्हांला परवडत नाही, ही मजबुरी नव्हे काय?' प्रश्न प्रामाणिक होता. निकडीच्या प्रसंगी निषिद्ध गोष्टीलाही मुभा मिळते, असा फिक्हचा नियम आहेच. भुकेने प्राण जाण्याची वेळ आलेल्या माणसाला मृत जनावराचे मांसही प्राणरक्षणापुरते चालते. मग मंदीत माप किंचित कमी भरले, सेवेत थोडा हात आखडला, तर त्यालाही तीच मुभा का मिळू नये?

भिजलेले धान्य

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सहीह मुस्लिममधील एक प्रसिद्ध प्रसंग पुन्हा वाचावा, असे मला वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाऱ्याजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे होते, आतले भिजलेले. 'हे काय?' असे विचारता विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, लोकांच्या दृष्टीस पडावे म्हणून ते भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले.

आपण हा प्रसंग नेहमी भेसळीविरुद्धच्या उपदेशात ऐकतो. विक्रेत्याच्या उत्तराकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. त्याचे उत्तर खरे होते! पाऊस त्याने पाडला नव्हता. त्याचे नुकसान आकाशातून आले होते. प्रेषितांनी (स.) त्याला पावसाबद्दल दोष दिला नाही. धान्य भिजलेच कसे, असेही विचारले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच की, ओल खाली का आणि वर का नाही. नुकसान कोणाच्या चुकीने झाले, हा एक प्रश्न आहे. झालेले नुकसान गुपचूप कोणाच्या पिशवीत टाकले, हा अगदी वेगळा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नात निर्दोष असलेला माणूसही दुसऱ्या प्रश्नात अपराधी ठरू शकतो.

मंदी हाही असाच एक पाऊस आहे. तो व्यापाऱ्याने आणलेला नसतो. त्यात भिजल्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. परंतु भिजलेला भाग वरच्या कोरड्या थराखाली झाकून पूर्ण भावाने विकण्याचा परवाना त्या पावसाने त्याला मिळत नाही.

नफा कशामुळे हलाल ठरतो?

आता जरा खोलात जाऊ. सूरह बकराच्या 275 व्या आयतीत अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले आहे. वरवर पाहता दोन्हींत पैशाला पैसा जोडला जातो. मग फरक कशात आहे? व्यापारी मालाची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो. माल सडला, भाव पडला, गिऱ्हाईक फिरकले नाही, तर तोटा त्याचा. व्याजाने पैसे देणारा ही जोखीम पत्करत नाही. कर्ज घेणाऱ्याचे काहीही होवो, त्याची वाढ ठरलेली असते. ज्याच्यावर हानीचा भार, त्यालाच लाभाचा अधिकार. आणि जो लाभ घेतो, त्याने तोटाही सोसावा, या आशयाचे दोन नियम फिक्हमध्ये आहेत. 1869 ते 1876 या काळात उस्मानी राज्यात तयार झालेल्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेतही ते कलम 85 व 87 म्हणून नोंदविलेले आहेत.

या नियमांच्या प्रकाशात मंदीतील दुकान पाहा. भरभराटीच्या वर्षी व्यापाऱ्याने आपला नफा ग्राहकांत वाटला नव्हता, आणि तो त्याने वाटावा असे कोणी म्हटलेही नव्हते. जोखीम त्याची, म्हणून नफाही त्याचा. तेच व्यापारी पडत्या वर्षी हमी नाकारून, अस्सल म्हणून हलका सुटा भाग बसवून, परत द्यावयाची रक्कम अडकवून आपला तोटा ग्राहकाच्या अंगावर ढकलू लागले, तर जोखीम ग्राहकाची आणि नफा तेवढा दुकानाचा, असे होते. ही कमाई व्याज ठरते, असा फतवा मी देत नाही. परंतु ज्या कारणाने व्यापाऱ्याचा नफा पवित्र मानला गेला, ते कारणच येथे खचते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

राहिला मजबुरीचा प्रश्न. त्याच 'मजल्ला'त निकडीमुळे मुभा मिळते हा नियम 21 व्या कलमात आहे, आणि 33 व्या कलमात त्याची मर्यादाही आहे : निकडीमुळे दुसऱ्याचा हक्क नष्ट होत नाही. भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाने परक्याची भाकरी खाऊन प्राण वाचविले, तर त्याला चोर म्हणता येणार नाही; पण भाकरीची किंमत त्याच्याकडे बाकी राहते. सवलत गुनाहपुरती आहे, हिशेबापुरती नाही. आणि खरे सांगावयाचे, तर दुकानातील आपल्या बहुतेक मजबुऱ्या प्राणावर बेतलेल्या नसतात.

मापात पाप

सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांना विनाशाचा इशारा दिला आहे, ते लोक दरोडेखोर नाहीत. स्वतः घेताना माप पुरेपूर भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी भरणारे, असे ते साधे बाजारकरू आहेत. आपल्या भाषेत यालाच 'मापात पाप' म्हणतात. हे माप तराजूपुरते नाही. प्रत्येक गोष्टीत पुरेपणा असतो आणि कसरही असते, या आशयाचे वचन इमाम मालिक (रह.) यांनी 'मुवत्ता'मध्ये दिले आहे, आणि ते नमाजच्या प्रकरणात दिले आहे. मराठीत 'हातचे राखणे' हा फार नेमका वाक्प्रचार आहे. पूर्ण मजुरी घेऊन अर्धे लक्ष देणारा कारागीर, भरणा घेण्यासाठी तत्पर पण तक्रारीच्या फोनला न उठणारा दुकानदार, विक्रीच्या वेळी हसरा आणि दुरुस्तीच्या वेळी अनोळखी होणारा विक्रेता, हे सारे हातचे राखतात. घेतानाचे माप आणि देतानाचे माप वेगळे असणे, हीच ती कसर.

भांडवल आणि नफा

मग मंदीत व्यापाऱ्याने सारे काही पूर्वीसारखेच चालवावे काय? ते शक्य नाही, आणि दीनची तशी अपेक्षाही नाही. येथे इमाम गजाली (रह.) यांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. 'इह्या'मधील उपजीविकेच्या प्रकरणात ते व्यापारातील न्यायाला भांडवलाची आणि उपकाराला, म्हणजे एहसानला, नफ्याची उपमा देतात. पडत्या काळात नफा घटतो, हे कोणालाही कळते. परंतु जो भांडवलच खाऊ लागतो, त्याला आपण व्यापारी म्हणत नाही, दिवाळखोर म्हणतो. त्याचप्रमाणे अडचणीच्या दिवसांत एहसान आटला तर समजून घेता येते. न्याय मात्र आटू देता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडील कित्येक बिलांच्या तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापलेले असते. माल निर्दोष आहे, पण घरी गेल्यावर ग्राहकाचे मन बदलले, तर तो परत घेणे हा एहसान आहे. असा सौदा मागे घेऊ देणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी सुवार्ता हदीसमध्ये आहे. तरीही हे बंधन नाही. मंदीत एखाद्या दुकानदाराने ही सवलत बंद केली आणि आधीच तसे सांगितले, तर त्याने मोठे पुण्य गमावले, पण जुलूम केला नाही. माल मुळातच सदोष असेल, तर गोष्ट निराळी. दोष सापडल्यावर माल परत करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. दोषांची जबाबदारी नाकारणारी अट करारात कितपत टिकते, याविषयी हनफी आणि शाफई विद्वानांत मतभेद आहेत. विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष लपविणे हा गुनाह आहे, याविषयी मात्र कोणाचाच मतभेद नाही. देशाचा कायदाही येथे ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन बिलात नमूद केलेल्या मुदतीत, मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाच्या तळाशी छापलेल्या एका ओळीने हा हक्क पुसला जात नाही.

सवड कोणी द्यावी?

पैसे परत करण्याची ऐपतच नसेल तर काय, याचा धडा 2020 नेच दिला. टाळेबंदीत विमाने थांबली, तेव्हा अनेक कंपन्यांनी रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे परत करण्याऐवजी ती रक्कम पुढील प्रवासासाठी आपल्याकडेच जमा दाखविली. प्रवाशांना तर त्या पैशाची निकड त्याच दिवसांत होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी निकाल दिला. टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तत्काळ परत करावयाचे होते. त्याआधी काढलेल्या तिकिटांच्या बाबतीत पंधरा दिवसांची मुदत होती, आणि कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर रक्कम 31 मार्च 2021 पर्यंत प्रवाशाच्या नावे जमा ठेवून न वापरली गेल्यास परत करावयाची होती. म्हणजे अडचणीला मुदत मिळाली; देणे बुडाले नाही.

सूरह बकराच्या 280 व्या आयतीत अडचणीत सापडलेल्या ऋणकोला सवड द्यावी, आणि माफ करणे तर अधिक चांगले, अशी शिकवण आहे. पण ही सवड द्यावयाची आहे धनकोने. ऋणको परस्परच स्वतःला सवड देऊ लागला, फोन घेईनासा झाला, तर ती सवड राहत नाही. त्याच वर्षी भारतातून कोणालाही हजला जाता आले नाही. तेव्हा 2 लाख 13 हजारांहून अधिक अर्जदारांनी भरलेली रक्कम कोणतीही कपात न करता परत केली जाईल, असे केंद्र सरकारने जून महिन्यात जाहीर केले होते. एखाद्या लहान प्रवासी व्यावसायिकाला असे करणे जमणार नाही. त्याने घेतलेले पैसे निवासासाठी पुढे भरलेले असू शकतात. त्याने निदान कागद पुढे ठेवून इतके कोठे अडकले, इतके हाती आहेत, इतके आज देतो आणि बाकीचे अमुक महिन्यापर्यंत देतो, एवढे तरी सांगावे. भिजलेले धान्य वर ठेवणे म्हणतात ते हेच. त्यानंतर सवड देणे ही ग्राहकाची कसोटी आहे.

हात रिकामा, शब्द नव्हे

मंदीतील सर्वांत मोठी तक्रार मात्र पैशाची नसते, बोलण्याची असते. सूरह बनी इस्राईलच्या 28 व्या आयतीत एक नेमका प्रसंग सांगितला आहे. तुमच्याकडे देण्यास काही नाही, तुम्ही स्वतःच आपल्या पालनकर्त्याच्या कृपेची वाट पाहत आहात, आणि दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवावे लागत आहे. अशा वेळी निदान त्याच्याशी मृदू शब्दांत बोला, असा आदेश आहे. आयतीचा विषय दानाचा आहे. परंतु मंदीतील दुकानदाराची अवस्था याहून वेगळी ती काय असते? त्याचा हात रिकामा आहे, आणि तोही अल्लाहच्या कृपेचीच वाट पाहत आहे. जे देण्यास गल्ल्यात एक रुपयाही लागत नाही, तेवढे तरी त्याने आखडून धरू नये.

येथे मालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चारपैकी दोन नोकर कमी केले की उरलेल्या दोघांच्या माथी चौघांचे काम येते, आणि वर ग्राहकांचा संतापही त्यांनाच झेलावा लागतो. मग तो उद्धट वाटणारा मुलगा मुळात उद्धट असतोच असे नाही. तो थकलेला असतो. हाताखालच्या माणसावर त्याच्या शक्तीबाहेरचे काम लादू नका, आणि लादलेच तर स्वतः मदतीला जा, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. हिजरी 18 च्या भीषण दुष्काळात खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप वर्ज्य केले होते. टंचाईचा पहिला घास वडीलधाऱ्याने सोडावा, ही त्यामागची रीत. मंदीची पहिली झळ मालकाच्या खर्चाला लागावी, नोकराच्या पगाराला आणि ग्राहकाच्या हक्काला नव्हे.

ग्राहकाचेही माप

ग्राहकानेही आपले माप तपासावे. मंदीत त्याचाही खिसा रिकामा असतो, आणि घरचा राग तो दुकानात काढतो. लग्नात मिरवलेला शेरवानी दुसऱ्या दिवशी 'बसत नाही' म्हणून परत आणणे हीदेखील फसवणूक आहे. दोष लक्षात आल्यावरही वस्तू वापरत राहिलो, तर फिक्हच्या दृष्टीने आपण त्या दोषाला संमती दिली, असे होते. दुकानदाराला आज रोख रकमेची निकड आहे हे ओळखून त्याला खरेदीच्या भावाखाली दाबणे, आणि ऐपत असूनही त्याची उधारी थकविणे, हे तर त्याच्यासाठी दुष्काळात तेरावा महिना. देण्याची ऐपत असलेल्याने देणे लांबविणे हा हदीसच्या भाषेत जुलूमच आहे. खरेदीत, विक्रीत आणि वसुलीत सौम्य राहणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या दयेची प्रार्थना केली आहे, त्या एकाच प्रार्थनेत विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही जागा आहे.

शेवटी प्रश्न उपजीविका देणारा कोण, यापाशी येऊन थांबतो. ती आपल्या चतुराईने मिळते असे ज्याला वाटते, त्याला मंदीत चतुराई वाढविण्यावाचून गत्यंतर दिसत नाही. ती अल्लाहकडून येते असे आपण मानतो, तर तिला हातचे राखून धरण्याची गरज नाही. भाव वाढवावा लागला तर सांगून वाढवा. सेवा कमी करावी लागली तर दारावर पाटी लावून कमी करा. दुरुस्तीला पंधरा दिवस लागणार असतील, तर 'उद्या या' म्हणू नका, पंधरा दिवस म्हणा. काही गिऱ्हाइके परत जातील. जी थांबतील, ती ओल पाहून, विचार करून थांबलेली असतील. आणि अशा सौद्यातच बरकत असते.

अल्लाह आपल्या बाजारांना भरभराट देवो, आपली मापे पुरी ठेवो आणि अडचणीच्या दिवसांत आपल्या जिभा मृदू राखो. आमीन.